आबांनी गोष्ट सांगायची बंद केली

यावेळी आलेल्या पत्रांतली तीन घेतलीयेत. पहिलं बरंच मोठं आहे पण त्यातलं काही कापावंसं वाटलं नाही, म्हणून जवळजवळ पूर्ण देतेय. पत्र लिहिणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्याला राहतो, महापेला एका कंपनीत नोकरी करतो. आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, माथाडी होते, आधी दाणाबंदरला आणि मार्केट वाशीला आलं तसे इकडे मसाला मार्केटला, आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. गाव आमचं जावळी तालुक्यात. आबांचं शिक्षण सातवी पण त्यांच्याएवढं वाचणारा माणूस मी आमच्या अख्ख्या सोसायटीत बघितला नाही. दुपारी जेवण झालं की टोळीतले बाकीचे लोक गोण्यांच्या थप्पीवर आडवे व्हायचे आणि आबा थप्पीला टेकून वाचत बसायचे. स्वामी, पानिपत, छावा, झुंज, सगळं वाचलंय, आणि श्रीमान योगी तर किती वेळा वाचली ते त्यांनाही सांगता येणार नाही. घरातल्या त्या पुस्तकाला पेपरचं कव्हर आहे आणि आत पानांच्या सांध्यात हळद आणि मिरचीची पूड बसलेली आहे, लहानपणी मी ते उघडलं की शिंका यायच्या आणि आबा म्हणायचे, हळू उघड, गड चढताना धाप लागतेच.

मला वाचायचा नाद त्यांनीच लावला. पण कॉलेजला गेल्यावर मला कोसला मिळाली आणि माझं सगळंच बदललं. म्हणजे असंही लिहिता येतं, आपण बोलतो तसं, कुणी राजा नाही, लढाई नाही, एक खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला येतो आणि सगळं हातातून सुटत जातं, हे मला माझंच वाटलं. त्यानंतर ऐतिहासिक कादंबऱ्या वाचवेनात. भाषा भरजरी वाटायला लागली, सगळे एकसारखंच बोलतात, डोळे पाणावतात, शेला सावरतात. मग मी त्या कादंबऱ्यांतलं खरं काय खोटं काय हे शोधायला लागलो, बरंच वाचलं त्याच्यावर.

आता मूळ मुद्दा. माझी मुलगी सात वर्षांची आहे, रात्री आबांजवळ झोपते आणि आबा तिला गोष्ट सांगतात. दोन महिन्यांपूर्वी तानाजींची गोष्ट चालू होती. तानाजी मालुसरे मूळ आमच्या जावळीचे असं आमच्याकडे मानतात त्यामुळे आबा ती गोष्ट जरा जास्तच रंगवून सांगतात, घोरपड, दोर, शेलारमामा, सगळं. शेवटी आबा म्हणाले, महाराज म्हणाले गड आला पण सिंह गेला, म्हणून गडाचं नाव सिंहगड. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर होतो, तिथून बोललो, आबा असं काही नाहीये, सिंहगड हे नाव आधीपासून होतं, १६६३ च्या पत्रात आहे, तानाजी गेले १६७० ला, ते वाक्य नंतरचं आहे आणि घोरपडपण पोवाड्यातली. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, खरंच. आबा एक मिनिट काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हंजी इतकी वर्सं मी पोरांना खोटंच सांगत आलो म्हन. आणि लाइट बंद केला.

त्या दिवसापासून त्यांनी गोष्ट सांगायची बंद केलीय. मुलगी मागे लागते तर म्हणतात, बापाला विचार, त्याला खरं माहितीय. श्रीमान योगी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिलीय. माझी बायको म्हणते तुम्ही माफी मागा, पण माफी कशाची मागू, मी जे बोललो ते खरं आहे ना? का नाही? आणि ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं की हा इतिहास नाही, न दुखावता? का सांगायचंच नाही?

उत्तर : माहितीपासून सुरू करते, कारण माहिती तुमची बरोबर आहे. सिंहगड हे नाव तानाजींच्या आधीचं, घोरपड पोवाड्यातून आलेली, आणि "गड आला पण सिंह गेला" हे शब्द घराघरांत पोचले ते हरि नारायण आपट्यांनी आपल्या कादंबरीला तेच नाव दिलं म्हणून आणि पुढं शाळेच्या पुस्तकांतून. हे सगळं ठीक. पण तुम्ही बाहेरच्या खोलीतून आबांच्या हातातली वस्तू काढून घेतलीत आणि बदल्यात काहीच दिलं नाहीत. जुन्या कागदात हे वाक्य नाही म्हणालात, मग जुन्या कागदात आहे काय, ते सांगितलंच नाहीत. आणि जे आहे ते इतकं मोठं आहे की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

सभासदाची बखर मिळवा. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस, त्यानं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला असताना १६९४ च्या सुमारास ही बखर लिहिली. छोटी आहे, एका रविवारात होईल. तिच्यात घोरपड नाही, मावळे कड्यावरून वानरासारखे चढतात. तानाजी आणि उदेभान एकमेकांना भिडतात आणि दोघंही पडतात, मग तानाजींचा भाऊ सूर्याजी हिंमत धरून पुढं होतो. गड हाती आल्यावर हे लोक पागेच्या खणांना आग लावतात आणि तो उजेड महाराजांना राजगडावरून दिसतो. महाराज म्हणतात गड घेतला, फत्ते झाली. म्हणजे बघा, त्या रात्री राजगडावर आनंद आहे, आग दिसलीय, काम झालंय, आणि कुणाला काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी जासूद येतो तेव्हा तानाजी पडल्याचं कळतं. आणि तिथं सभासदानं महाराजांच्या तोंडी जे वाक्य दिलंय ते असं : एक गड घेतला, परंतु एक गड गेला.

माणसालाच गड म्हटलंय. मला तरी हे सिंहापेक्षा कितीतरी जास्त लागतं. सिंह म्हटलं की शौर्य डोळ्यासमोर येतं, तेही खरंच आहे, पण गड म्हटलं की ज्याच्या आडोशाला बाकीच्यांनी निवांत झोपायचं ते. आणि हे म्हणणारा माणूस कोण, तर ज्याला पाचच वर्षांपूर्वी पुरंदरच्या तहात २३ गड मोगलांना लिहून द्यावे लागले होते, त्यात हा कोंडाणा, म्हणजे सिंहगडही होता. एकेक गड म्हणजे काय हे ज्यानं मोजलंय असा राजा एका माणसाची किंमत त्याच मापानं करतो. चाळीस वर्षं पाठीवर गोण्या वाहून ज्यानं घर उभं केलं त्या आबांना हे वाक्य समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येणार नाही, ते तुम्हालाच समजावतील.

आणि हेही लक्षात घ्या की सभासदही काही तिथं कागद घेऊन उभा नव्हता. घटना १६७० ची, लिहितोय २४ वर्षांनी, महाराज जाऊन १४ वर्षं झालेली, राजधानी पडलेली, धाकटा राजा दूर दक्षिणेत वेढ्यात. अशा वेळी तो आठवून आठवून लिहितोय की आमचे धनी असे होते. त्याच्या आठवणीतही माया मिसळलेली आहे. त्यामुळे इतिहास एका कपाटात आणि कादंबरी दुसऱ्या कपाटात अशी वाटणी करायला गेलं की अडचण येते. मधे बखरी आहेत, पोवाडे आहेत, घरात सांगितलेल्या गोष्टी आहेत, आणि तुमचे आबा त्याच ओळीत बसलेले आहेत. अभ्यासकानं यातला प्रत्येक थर वेगळा काढला पाहिजे, ते त्याचं कामच आहे आणि फार मोलाचं काम आहे, त्याच्याशिवाय कुणीही उठून महाराजांच्या नावावर काहीही खपवेल. पण गोष्ट सांगणाऱ्याला तुम्ही खोटं बोलता असं नाही म्हणता येत, आणि सात वर्षांच्या नातीसमोर तर नाहीच. माफी मागायची तर त्याची मागा. माहितीची नको.

आता तुमच्या घरातल्या त्या हळदीच्या पुस्तकाबद्दल. श्रीमान योगीला नरहर कुरुंदकरांची मोठी प्रस्तावना आहे. ती खरं म्हणजे रणजित देसाईंना लिहिलेलं पत्र आहे. शिवाजी महाराजांकडे इतिहास म्हणून कसं बघायचं, कुठली दंतकथा सोडून द्यायची, कुठला प्रश्न अजून उघडा आहे, हे सगळं कुरुंदकर त्यात मांडतात, आणि कादंबरीकारानं ते आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलंय. म्हणजे तुमच्या घरात दोन महिन्यांपूर्वी जो विषय निघाला तो त्या पुस्तकात पहिल्याच पानांवर आहे, आणि तिथं तो किती जिव्हाळ्यानं चाललाय ते बघा. बरेच लोक ती प्रस्तावना सोडून थेट गोष्टीवर जातात. आबांनी वाचलीय का विचारा. वाचली असेल तर त्यांचं त्यावर काय म्हणणं आहे ते ऐका, कारण मला वाटतं हा माणूस तुम्ही समजता तेवढा भाबडा वाचक नाहीये. इतक्या वेळा एकच पुस्तक वाचणारा माणूस प्रत्येक वेळी तेच वाचत नसतो.

मी स्वतः स्वामी पहिल्यांदा वाचली ती अकरावीत, मे महिन्यात, आजोळी माळ्यावर बसून. माधवराव पेशवे जातात तिथं इतकी रडले की आजी वर येऊन बघून गेली. पुढं नोकरीला लागल्यावर मुद्दाम थेऊरला गेले. चिंतामणीचं देऊळ, जवळ नदी, आणि त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या नावाचं ते सतीचं स्थान, शांत आणि साधं. कादंबरीतलं वैभव तिथं काहीच नव्हतं. दगडाला हात लावला तर तापलेला होता, पटकन काढून घेतला, आणि त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की ही बाई खरी होती आणि ती जळाली. कादंबरीत वाचताना ते मला सुंदर वाटलं होतं. ते सुंदर वाटलं याचा मला तिथं उभं राहून त्रास झाला आणि अजूनही होतो. म्हणून तुमचा भरजरी शब्द मला पटतो. आपल्या बऱ्याच ऐतिहासिक कादंबऱ्यांत बायका वाट बघतात, ओवाळतात आणि जळतात, त्या काय विचार करत होत्या ते फार कमी ठिकाणी येतं. आणि हेही खरंय की स्वामी वाचली नसती तर मी थेऊरला गेलेच नसते, त्या दगडाला हात लागलाच नसता.

पुढं माधवरावांच्या शेवटच्या दिवसांबद्दल वाचलं. आजार हाताबाहेर गेल्यावर त्यांनी कलमं लिहून घेतली, माझ्यामागं काय काय करायचं त्याची, आणि त्यात डोक्यावरच्या कर्जाची काळजी आहे. सत्तावीस वर्षांचा मुलगा, अंगात ताप, आणि देणं फेडायचं राहिलंय. हे वाचल्यावर परत स्वामी काढली आणि यावेळी रडू आलं ते वेगळ्या जागी.

तुम्ही कोसलाबद्दल लिहिलंत म्हणून एक सांगते. स्वामी आली १९६२ ला आणि कोसला १९६३ ला, मधे एकच वर्ष. लोक ही दोन टोकं मानतात, एक जुन्या वळणाची आणि एक ते वळण मोडणारी, आणि भाषेच्या बाबतीत ते खरंच आहे. पण एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकीकडे माधवराव, पानिपतानंतर १६ व्या वर्षी पेशवेपद गळ्यात पडलं, २७ व्या वर्षी संपले. दुसरीकडे पांडुरंग सांगवीकर, जो पहिल्याच ओळीत सांगतो की आपण आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचे आहोत. एकाला मोठ्यांनी केलेलं सगळं निस्तरायचंय, दुसऱ्याला मोठ्यांनी आखून दिलेलं काहीच नकोय. दोघांच्याही घरात वडीलधाऱ्यांशी झगडा आहे, एकाचा काकांशी, एकाचा वडिलांशी. दोघांनाही जवळच्या माणसाचं मरण कमी वयात बघावं लागतं. आणि दोन्ही पुस्तकं त्या काळातल्या पंचविशीतल्या पोरांनी डोक्यावर घेतली. मी शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा मोठ्या मुलांना ही जोडी नेहमी सांगायचे. तुम्ही कोसला वाचून स्वामीपासून दूर गेलात, मला वाटतं कोसला नीट मुरल्यावर माणूस स्वामीकडे परत येऊ शकतो, आता त्यातला नुसता पोरगा बघायला.

आबांनाही उलट बाजूनं बोलवा ना. त्यांना कोसला दिलीत का कधी? खेड्यातून शहरात आलेला माणूस म्हणून ते पांडुरंगाबद्दल काय म्हणतात ते मला फार ऐकायचंय. शिव्या घालतील कदाचित, बापाच्या पैशावर शिकायला येऊन हे धंदे करतोय म्हणून. घालू देत. ती समीक्षाच असेल.

काय करायचं ते विचारलंत तर एवढंच करा. बखर घरी आणा पण आबांच्या हातात देऊ नका, तुम्ही कसं चुकलात ते बघा असं वाटेल त्यांना. रात्री मुलीच्या शेजारी तुम्ही बसा, आबा पलीकडे असतीलच, आणि मुलीला म्हणा की आबांच्या गोष्टीतला एक भाग राहिला होता, तो मी वाचतो. पागेला आग लावल्यापासून वाचा. राजगडावरून उजेड दिसतो तिथं जरा थांबा. शेवटचं वाक्य सावकाश वाचा. जुनी भाषा आहे, पोरीला कळणार नाही, ती विचारेल म्हणजे काय. तेव्हा तुम्ही गप्प बसा आणि आबांना सांगू दे.

प्रश्न : मी ठाण्यात चरईला राहते, बँकेत होते, आता घरीच. तुम्ही मागे एकदा ना. सं. इनामदारांची झेप सुचवली होती ती वाचली. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे, त्यांच्यावरची. आमच्या मिस्टरांचं म्हणणं असं की बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनात ज्याचं नाव आलं अशा माणसावर कादंबरी लिहायचीच कशाला आणि तू त्याच्यासाठी हळहळतेस कशाला. पण मला वाईट वाटलं खरं. असं वाटणं चुकीचं आहे का? दुसरं म्हणजे ते ठाण्याच्या जेलमधून पळाले ते हेच जेल का आपलं?

उत्तर : हेच. सेंट्रल जेल म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला, १७७४ ला इंग्रजांनी. १८१५ ला पंढरपुरात गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला आणि इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर दबाव आणून त्र्यंबकजींना ताब्यात घेतलं आणि इथं ठेवलं. पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई, म्हणजे फितुरी नको. पण गोऱ्यांना मराठी येत नव्हतं. असं सांगतात की एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातून सगळा बेत आत पोचला. १८१६ च्या सप्टेंबरात, भर पावसाळ्यात, त्र्यंबकजी पसार झाले. दोन वर्षांनी परत सापडले आणि मग थेट बनारसजवळ चुनारच्या किल्ल्यात. पुढं बिशप हेबर नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं चुनारला त्यांना पाहिलं, आणि ते गाणं त्यानं आपल्या प्रवासवर्णनात इंग्रजीत पद्य करून दिलंय, ५५ घोडे उभे आहेत पण स्वार ५४, पंचावन्नावा चढला की दख्खनचे दिवस पालटतील, अशा अर्थाचं. मोतद्दार नक्की काय म्हणत होता ते आता कुणाला कळणार, आपल्यापर्यंत आलंय ते एका इंग्रज बिशपचं मराठी गाणं.

हळहळ वाटली त्यात मला काही चूक दिसत नाही. इनामदारांनी अशीच माणसं घेतली. त्र्यंबकजी, मंत्रावेगळा मध्ये दुसरा बाजीराव, झुंज मध्ये यशवंतराव होळकर, शहेनशहा मध्ये तर औरंगजेब. ज्यांच्याबद्दल आपण शाळेत एका ओळीत निकाल लावून पुढं जातो त्यांना या लेखकानं पाचपाचशे पानं बोलू दिलं. बोलू दिलं म्हणजे सोडून दिलं असं नाही होत. गंगाधरशास्त्री पंढरपुरात मारले गेले ते मारलेच गेले, त्यांचीही बायकामुलं होती, झेप वाचून झाल्यावर त्यांची आठवण ठेवणं हे आपल्या वाचकांचं काम. तुमच्या मिस्टरांना म्हणा पुस्तक वाचा आणि मग भांडूया, न वाचता नको.

आता जेलवरून जाताना एक करा. त्या भिंतीच्या आत १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगऱ्यांना फाशी झाली, १९१० ला नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला मारणारे अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना. कान्हेरे तर १८ वर्षांचे. आपण रिक्षात बसून फोन बघत तिथून जातो. मीपण जायचे, झेप वाचेपर्यंत. नंतर एकदा सकाळी मुद्दाम चालत गेले, गेटपाशी मुलाखतीला आलेली माणसं पिशव्या घेऊन उभी होती, एक म्हातारी सारखी पिशवीची गाठ सोडून परत बांधत होती. तिचा मुलगा आत असेल, काय केलं असेल कोण जाणे. त्र्यंबकजींची आईपण अशी कुठंतरी वाट बघत असेल का, असं तेव्हा वाटून गेलं, जे मला कुठल्याही सनावळीनं कधी वाटायला लावलं नव्हतं.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, ऐरोलीला इंग्लिश मीडियमला. मराठी बोलते छान पण वाचायला कंटाळते. मृत्युंजय आणून दिली तर जाडी बघूनच बाजूला ठेवली. कुठून सुरुवात करू?

उत्तर : मृत्युंजय तिला दोनतीन वर्षांनी आपोआप लागेल, आत्ता राहू दे. कर्ण कुठं पळून जात नाही. आत्ता व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी आणा, १९५५ सालची, लहानशी आहे. राजा महाराजा कुणी नाही, एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, कारभारी, मेंढरं, आणि मग दुष्काळ. वाक्यं छोटी आणि स्वच्छ आहेत, इंग्लिश मीडियमच्या मुलांना झेपतात, वाडीतले काही शब्द अडतील ते तुम्ही सांगा, तुम्हालाही नाही आले तर गावाकडे फोन लावा. विकत घ्यायचीच असं नाही, ठाण्याला येणं होत असेल तर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ सालचं, तिथं मुलीला बरोबर न्या आणि कपाटासमोर दहा मिनिटं एकटी सोडा. बनगरवाडीचं पहिलं प्रकरण तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचा, रात्री, टीव्ही बंद करून. मास्तर पहाटे अंधारात एकटाच वाडीच्या वाटेला लागतो. तिथून पुढचं पुस्तक तिच्या उशाशी ठेवून द्या आणि वाचलंस का म्हणून आठवडाभर विचारू नका.